उसनी चव

जेवायला बाहेर पडण्याआधी शेठ दुकानातल्या पिंपात हात धुवायचे. एकदा नव्हे, तीनदा. मग सदरा परातीवर झटकायचे, चपलांचे तळ ब्रशने घासून तीही धूळ परातीतच पाडायचे आणि म्हणायचे, "चला सायब. सोनं दुकानात राहू द्या, आपन जेवायला जाऊ."

शेठ गलाईवाले. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, हा धंदा. विट्याकडची निम्मी गावं यासाठी देशभर पांगली आहेत, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. हातावरचा सोन्याचा कण बाहेर जाऊ नये, म्हणून तो पिंपाचा सोपस्कार. शेठ पंचवीस वर्षं कोचीच्या मट्टनचेरीत होते. मी इस्लामपूरचा, बँकेच्या बदलीने तिथे जाऊन पडलेला. मराठी ऐकायला मिळेल म्हणून त्यांच्या दुकानात गेलो आणि त्यांच्या पंक्तीतच बसलो.

मट्टनचेरी हे जुनं बंदर. सुंठीच्या आणि मिऱ्याच्या वखारी, त्यांच्या मागे धक्का, आणि मधल्या बोळांतून खाण्याची ठिकाणं. शेठना एकूणएक माहीत. आप्पम कुठलं, मासा कुठे ताजा, लिंबाचा बिनदुधी चहा कुणी करावा, सगळं तोंडपाठ. मल्याळम तर असं बोलायचे की वाढपी आधी त्यांच्याकडे यायचा.

पण त्यांची एक तऱ्हा होती. तुमच्याही ओळखीत असा आग्रह करून खाऊ घालणारा एखादा असेल. शेठ मात्र खाऊ घालून थांबत नसत, जबानी घ्यायचे. मी घास घेतला की त्यांचा घास हातातच थांबायचा.

"कसं लागतंय? निस्तं चांगलं म्हनू नका. नीट सांगा."

मी आपला सांगायचो. खोबरं खमंग भाजलंय. आंबटपणा चिंचेचा नाही, आमसुलासारखा आहे पण धुरकट. शेठ ओठ हलवत ते पुटपुटायचे. पाठांतर करणारा माणूस वाटायचा. एवढा खवय्या, आणि स्वतःचं मत कसं नाही, हे मला कळेना. विचारायची चोरी.

उत्तर सुक्या मासळीच्या बाजारात मिळालं. मी नाकाला रुमाल लावून पळायच्या बेतात, आणि शेठ टोपलीवर वाकून बाईशी निवांत गप्पा मारताहेत.

"शेठ, तुम्हाला वास येत नाही?"

ते बाजूला आले. "दोन वर्सं झाली. तेजाबाच्या धुरानं नाक गेलं, आन् नाकामागं तोंडबी. खारट, तिखट कळतं. बाकी समदा भुसा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"धंदा सोडा. मग येईल, न्हाईतर न्हाई." मग माझा हात धरून म्हणाले, "घरी कळू दिऊ नका. मंडळी आजच दुकान बंद कराय लावंल. आन् मला हितं करमतंय हो, सायब."

तेव्हा चटणीचाही उलगडा झाला. दर महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती वहिनी, म्हणजे शेठच्या पत्नी, शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. डबा उघडला की शेठ आधी मला बोलवायचे, मी बोटभर चाखून वर्णन करायचो आणि ते माझ्यासमोर फोन लावायचे. "लय खमंग झालीया. लसून जरा पुढं हाय, पर तिखट मागनं येतंय." मला त्यांचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मागच्या दिवाळीनंतर वहिनी पहिल्यांदाच मट्टनचेरीला आल्या. शेठची झोप उडाली. "सायब, तुमी संगट पायजेच," म्हणून मलाही जेवायला ओढलं. धक्क्याजवळच्या त्यांच्या आवडत्या ठिकाणी केळीच्या पानांवर मासा आला, आणि घाबरलेल्या शेठनी घास तोंडात जायच्या आतच सुरुवात केली. "लय खमंग! आंबटपना आमसुलावानी, पर धुरकट..."

वहिनींनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे शब्द तुमचंच न्हवं?"

मला ठसका लागला.

"तीस वर्सं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कवा जिभंनं खमंग म्हटलं न्हाई. ताट पुसून खायाचं आन् इचारायचं, 'आजून हाय का?' एवढंच त्येंचं कवतिक. गेल्या दोन वर्सांत गावी आलं तरी एकदाबी इचारलं न्हाई. मला तवाच कळलं."

शेठनी हातातला घास परत पानावर ठेवला. मीच न राहवून विचारलं, "मग वहिनी, चटणी का पाठवत राहिलात?"

"फोन यायचा की. पैलं फोन म्हंजी 'बरं हाय, ठिवतो.' चटनी गेली की पंधरा मिंटं बोलायचं."

पुढे महिन्याभरात दुकान दुसऱ्या गलाईवाल्याकडे गेलं. तो भला माणूस आहे, पण डबा खातो. शेठ गावी गेले. नाक परत आलं का, मी विचारत नाही. मट्टनचेरीतला माझा जेवायचा सोबती गेला, याचं दुःख मला आहे ते आहेच.

पण वहिनींसोबतच्या त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. वहिनींना काट्यांची धास्ती, त्या मासा नुसता चिवडत होत्या. शेठनी त्यांचं पान ओढून घेतलं. पंचवीस वर्षं सोन्याचे कण टिपणाऱ्या बोटांनी एकेक काटा वेगळा केला आणि पान परत सरकवलं. वहिनींनी सावकाश सगळं संपवलं, पान बोटाने पुसलं आणि शेठकडे बघून विचारलं,

"आजून हाय का?"