पहिला घास निंबाच्या हातचा

थंडी पडली, भरताची हिरवी वांगी बाजारात आली, की तापीकाठच्या त्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव: निंबा. आता तसं पाहिलं तर वांगी भाजायला कसली आलीय अक्कल? कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी टाकायची, झालं! पण नाही, लोकांना निंबाच हवा. जाळ निंबानं करायचा, सालं निंबानं काढायची, लाकडाच्या बडगीत वांगी ठेचून झाली की वरून कांद्याची पात, मिरची, कोथिंबीर टाकून, कच्चं तेल सोडून ते सगळं हातानं कालवायचं तेही निंबानंच. मग फोडणी नाही की परत आचेवर ठेवणं नाही. कालवलं की खाल्लं.

त्यात त्याची एक पद्धत होती. कालवून झालं की पहिला घास तिथं जमलेल्यांतल्या सगळ्यात लहान पोराच्या तोंडात, आपल्या बोटांनी. पोरानं मान डोलावली की मगच पंगत बसायची. कितीतरी हिवाळे हा मान त्याच्या लेकीचा, चारुलताचा होता. ती मोठी झाली तसा तो मान दुसऱ्या पोरांकडे गेला, पण तरी चारूचा घास राहायचा नाही. "पप्पा, आ!" म्हणत ती यायचीच, दहावीला गेली तरी.

त्याच चारूचा एक दिवस अंगणात केस वाळवता वाळवता उजवा हात झटके देऊ लागला. तिला वाटलं मुंग्या आल्या. डाव्या हातानं उजवा धरून ती हसलीसुद्धा, आणि हसता हसताच खाली कोसळली. दातखीळ बसली, डोळे वर गेले, तोंडाला फेस. कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी चप्पल आणली. निंबाची आई पुष्पाबाई, गळ्यात माळ, तोंडात देवाचं नाव, ती नातीच्या उशाशी येऊन बसली. निंबाची बायको रूपाली नुसती "चारू, ए चारू" करत राहिली. निंबा मात्र दारातच खिळला.

जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूत एक बारीक गाठ होती. ही कशाची आहे याची खात्री धुळ्याला करून घ्या, तिथं अशाच गाठींवर संशोधन चाललंय, असं त्यांनी सांगितलं. झालं, सगळं बिऱ्हाड एसटीनं धुळ्याला.

तिथल्या ज्योत्स्ना मॅडम वयानं लहान, पण बोलणं असं की शेतातल्या माणसालाही कळावं. त्यांनी चारूचं रक्त घेतलं, फोटो उजेडात धरला आणि त्या गाठीतला एक पांढरा ठिपका दाखवला.

"हे किड्याचं पिल्लू आहे. डुकराच्या मांसातून येणारा चपटा किडा असतो, त्याचं."

पुष्पाबाई उठून उभीच राहिली. "काय बोलता बाई! आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येत नाही. पोरीनं डुकराचं मांस खाल्लं म्हणता?"

"आजी, तिनं नाही खाल्लं. कुणीतरी दुसऱ्यानं, कधीतरी, कच्चंपक्कं खाल्लं. किडा त्या माणसाच्या आतड्यात राहतो, वर्षानुवर्षं राहतो. त्याला फारसं काही होतही नाही. पण शौचातून त्या किड्याची अंडी बाहेर पडतात, नखांत राहतात. त्या हातानं कालवलेलं कुणी खाल्लं की अंडी खाणाऱ्याच्या पोटात जातात, तिथून रक्तातून मेंदूत. ज्या घरांत मांस शिजतच नाही तिथल्या मुलांच्या डोक्यात हे जातं कसं, हेच आम्ही शोधतोय. रक्ताच्या तपासणीवर हे पक्कं ओळखता आलं, तर गावच्या पोरांना इतक्या लांब यायला नको."

मग त्यांनी घरातल्या मोठ्या माणसांसाठी, शौचाचा नमुना आणायला, झाकणाच्या डब्या दिल्या. "ज्यांच्या हातचं चारू खाते, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी पोटात तो आहे. सापडला तर एका औषधात तो माणूस मोकळा होईल. नाही सापडला, तर तो अंडी वाटतच राहील. तिच्या डोक्यात अजून गाठी होतील, दुसऱ्या पोरांच्याही होतील."

निंबाला दरदरून घाम फुटला.

त्याचं कारण फक्त त्यालाच ठाऊक होतं. शेतात परतायच्या आधी निंबा केळीच्या ट्रकवर होता. दिल्ली, पटणा, कधी पार आसामपर्यंत. एकदा तिकडच्या घाटात दरड कोसळली आणि गाड्या अडकून पडल्या. पाऊस थांबेना, जवळची शिदोरी संपली. शेजारच्या गाडीवाल्यांनी निखाऱ्यावर काहीतरी भाजलं आणि निंबापुढे केलं. काय आहे हे त्यानं विचारलं होतं आणि त्यांनी खरं सांगितलंही होतं. तो उपाशी होता, त्यानं खाल्लं. बरं, तेवढ्यावर थांबला असता तर! पुढच्या खेपांना पोटात भूक नसतानाही खाल्लं, कारण जीभ चटावली होती. घरी आला की आंघोळ करून आईच्या देवापुढे हात जोडायचा.

आणि नंतर कधीतरी सकाळी त्याला ते दिसायला लागले. पांढरे, चपटे, भोपळ्याच्या बीएवढे तुकडे. जंत असतील म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

त्या एका डबीनं निंबाची झोप उडवली. खरं निघालं तर आईला काय सांगायचं? सख्ख्या भावानं अंडं खाल्लं म्हणून या आईनं त्याच्या घरचं पाणी सोडलं होतं. आणि नुसती आईच आहे का? अख्खं गाव त्याच्या हातचं खातं! मग त्या शहाण्यानं काय करावं? सकाळी सगळ्यांच्या डब्या ओसरीवर ठेवलेल्या, तर त्यानं आईच्या डबीतलं काडीनं काढून आपल्या डबीत भरलं. अरे, पोरीच्या जिवाशी खेळतोयस, लाज वाटत नाही का? वाटत होती. डोळ्यांत पाणी होतं, तरी त्यानं ते केलं, कारण भीतीपुढे लाजेचं काही चालत नाही.

काही दिवसांनी धुळ्याहून फोन आला. घरात कुणाच्याच पोटात किडा नाही. पुष्पाबाईनं देवापुढे साखर ठेवली. ज्योत्स्ना मॅडम मात्र फोनवर म्हणाल्या, "मग घराबाहेरचा कुणीतरी असणार. ती आणखी कुणाच्या हातचं खाते ते आठवून सांगा."

पुष्पाबाईला आठवायला वेळ लागला नाही. केळीच्या मळ्यात कामाला येणारी गुंताबाई, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. चारू मळ्यात गेली की गुंताबाई आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा तिला द्यायची, आणि पोरगी घरचा डबा सोडून ते मिटक्या मारत खायची.

"त्या लोकाइचं खाणं काय असते, तुले माहीत नही का?" पुष्पाबाई निंबावर ओरडली. "तिनंच माही नात बिघडवली. तिले उद्यापासून मळ्यात पाय ठेवू देऊ नको."

गुंताबाईला काढलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माय, मी हात धुऊनच भाकर थापते. आणि डुकराचं आमच्यात कोणीच खात नाही." मग तिनं निंबाकडे पाहिलं. तो केळीच्या घडांकडे बघत उभा राहिला. ती फडकं खांद्यावर टाकून बांधावरून निघून गेली. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? तिला आता दुसऱ्या मळ्यातही कुणी उभं करेना.

त्यानंतर निंबाची जी गत झाली ती दुष्मनाचीही होऊ नये. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणून त्यानं गुपचूप गिळली, तरी ते पांढरे तुकडे दिसतच राहिले. मडक्यात ओगराळं बुडवलं की छातीत धस्स व्हायचं. चारूचा चमचा हातातून निसटला, तिनं नुसता हात झटकला, ती झोपेत कण्हली, की हा ताडकन उठून बसायचा. गोळ्या चालू असतानाही तिला एकदा शाळेत झटका आला. त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकवून हमसाहमशी रडला.

अशात अभिमनच्या मळ्यात भरीत ठरलं. अभिमन म्हणजे निंबाचा लहानपणापासूनचा दोस्त. निंबानं येतच नाही म्हणून पाहिलं, मग बोटाला चिंधी बांधून घरच्यांबरोबर गेला आणि बोट कापलंय म्हणाला.

"काय भो, नवरीसारखे नखरे करतो!" अभिमननं त्याला ओढतच बडगीपुढे बसवलं. "डाव्या हातानं कालव. आम्ही कालवलं तर खाईन कोण?"

सगळे हसले. धूर, वांग्यांचा खमंग वास, गप्पांचा कल्ला. चारूनं स्वतः पात चिरून आणली आणि बडगीत टाकली. निंबा नाही म्हणायला तोंड उघडायचा आणि समोर आई दिसायची, तिच्या गळ्यातली माळ दिसायची, की तोंड मिटायचं. हात पुन्हा धुतो म्हणून तो विहिरीच्या नळीवर गेला, खसाखसा धुतले, परत आला. धुतले ना? मग आता काय होणार आहे? असं मनाला समजावत त्यानं हात बडगीत घातला.

कालवून झालं. अभिमनची पोरगी भूमिका, जेमतेम तीन वर्षांची, बापानं पुढे ढकलली. ती निंबाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं चिमणीसारखं तोंड उघडलं. निंबानं घास उचलला. मागून पोरं ओरडायला लागली, "खा, भूमी, खा!"

घास तिच्या ओठांशी गेला. निंबाला तिचे दुधाचे दात दिसले, आणि त्या इवल्याशा तोंडाला फेस आलेला दिसला. तो किंचाळला आणि घास लांब फेकून दिला. पोरगी घाबरून रडायला लागली.

"खाऊ नका!" निंबा ओरडला. "कोणीच खाऊ नका! तो किडा माह्या पोटात हाये!"

"याड लागलं का याले?" कुणीतरी म्हणालं.

मग तो थांबलाच नाही. घाटातली दरड, निखारे, पुढच्या खेपा, पांढरे तुकडे, डबीतली लबाडी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "गुंताबाईचा काडीचा संबंध नही," तो आईकडे बघून म्हणाला. "मले माहीत होतं. तिले काढलं तव्हाही मले माहीत होतं."

पुष्पाबाईनं तोंडाला पदर लावला आणि खाली मान घातली. अभिमननं भूमिकेला उचलून छातीशी धरलं, तिचं तोंड उघडून आत बोट फिरवून पाहिलं, आणि पायानं बडगी उलटी केली. भरीत मातीत सांडलं. निंबाला कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही, तसं काही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मळ्यात जमलेल्या त्या सगळ्या माणसांनी, ज्यांनी इतके हिवाळे बोटं चाटून खाल्लं होतं, ते आठवायला सुरुवात केली होती. एकाचा हात कपाळावर गेला. दुसऱ्यानं आपल्या पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"उद्या धुळ्याच्या मॅडमले आठी गावात बोलवा," रूपाली कशीबशी म्हणाली. "सगळ्याइचं रक्त तपासू द्या."

चारू अजून पातीची पाटी हातात धरून उभी होती. ती हळूच बापाजवळ आली. तिचा उजवा हात किंचित थरथरत होता, भीतीनं की आणखी कशानं, हे निंबाला कळेना.

"पप्पा," तिनं विचारलं, "मी लहान होते तेव्हा पहिला घास मलाच द्यायचे ना तुम्ही?"

निंबानं मान हलवली. तिनं पाटी खाली ठेवली आणि ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.