परदेशच्या भिंतीवरचं बावखल

आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी तरुणपणी वसईत आणि देशोदेशी हिंडून शेतीचे फोटो काढले होते. त्यांचं प्रदर्शन लागणार होतं, आणि मुलांनी केलेल्या मांडणीवर शेवटची नजर टाकायचं काम माझ्याकडे होतं. उद्घाटनाच्या सकाळी हॉलमध्ये शिरले आणि माझं डोकंच फिरलं. 'परदेशातील शेती' या भिंतीवर, जपानच्या भातखाचरांशेजारी, आमचं बावखल टांगलेलं! केळीच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, काठावर रहाट, मागे पाण्यावर झुकलेला माड. मी पलीकडच्याच वाडीत वाढले. तो माड मी कुठेही ओळखेन.

फोटो उतरवायला स्टुलावर चढले, तेवढ्यात अध्यक्ष आत आले.

"मॅडम, काय चाललंय?"

"सर, मुलांनी घोळ घातलाय. हे तर आपल्या पार्किंगसाठी बुजवलेलं बावखल!"

"मुलांनी नाही. मीच लावायला सांगितलं तिथे." आवाज जराही चढला नाही. "इथलं म्हणून लावलं, तर लोक विचारतील, पाणी कुठे गेलं. कोण सांगणार त्यांना?"

"ज्यांनी भराव घातला, ते सांगतील."

फोटो काढून मी 'आपली वसई' या भिंतीवर लावला.

पाहुणे आले. पहिलेच गृहस्थ त्या फोटोपाशी थांबले. "वा! आपल्याकडे अजून असं पाणी आहे? कुठे आहे हो हे?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी खिडकीबाहेर, पार्किंगकडे पाहिलं. तिथे त्यांचीच गाडी उभी होती.