डाव्या दाराचं लॉक

चालत्या गाडीतून माणूस उतरायला निघाला तर त्याला कुठं धरावं, हे कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या हाताला अप्पांच्या शर्टाची कॉलर लागली. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात बापाची मानगूट, अशी मी अणदूरच्या अलीकडच्या फाट्यावर गाडी कशीबशी थांबवली. शर्टाच्या गुंड्या तुटल्या, अप्पा वाचले. डावीकडून येणारा मोटारसायकलवाला उघड्या दाराला चुकवताना खडीत गेला, आणि उठल्यावर त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी ऐकून घेतलं, कारण त्याचं काही चुकलेलं नव्हतं. फाट्यावर एक बाई गाठोडं घेऊन उभी होती. एवढं होऊनही अप्पा तिलाच बोलावत होते, "बर्री, बर्री. सरकून बसा, लई जागा हाय."

बर्री म्हणजे या. मुरुमात आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीच असतं, आणि अप्पांचं तर पॅसेंजरशी सगळं बोलणं दोन्हींचं मिश्रण असायचं. त्यांनी उभा जन्म मुरुम ते उमरगा काळीपिवळी जीप चालवली. पुढच्या सीटवर चार माणसं कोंबल्यावर ड्रायव्हरला जागा कुठली उरणार? अर्धं अंग दाराबाहेर, एक मांडी सीटवर, असे ते गाडी हाकायचे. फाट्यावर माणूस दिसला की गाडी थांबायच्या आधी डावं दार उघडलं पाहिजे, हा त्या धंद्याचा नियम. दार उघडायला उशीर झाला की मागून येणारी जीप तो पॅसेंजर उचलून नेते. आता त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली आहे. आई गेली हे ते विसरले, जेवण झालं हे विसरतात, माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. फाट्यावर उभं असलेलं माणूस तेवढं त्यांना चुकत नाही.

दर महिन्याला त्यांना सोलापूरला दाखवावं लागतं, औषध चुकलं की फिट येते. म्हणजे दर महिन्याला तो हायवे आणि त्या हायवेवरचे सगळे फाटे आलेच. त्यांना मागच्या सीटवर बसवून लहान मुलांसाठीचं लॉक लावावं, हे मलाही सुचलं होतं. पण मागं पॅसेंजर बसतात, ड्रायव्हर नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. मागं बसवलं की ते आरडाओरडा करत, पुढं यायची धडपड करत. बेल्ट ते दोन बोटांनी सोडत. पुण्यातला माझा भाऊ फोनवर म्हणाला की गाडीच कशाला, अँब्युलन्स बोलावत जा. दर महिन्याला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं पुण्याहून दिसणारं मुरुमही फार सोपं दिसतं. मी फोन ठेवला आणि दिवसभर भांडी आपटली.

गाडी जुनी आहे. अप्पांनी जीप विकल्यावर हौसेनं घेतलेली, तीही सेकंडहँड. ड्रायव्हरकडचं बटण दाबलं की चारही दारांची लॉक खट् करून बसायची. गेल्या पावसाळ्यापासून डावं पुढचं दार नाटकं करू लागलं. लॉक बसायचं आणि लगेच आपणहून वर यायचं, जसं काही माझी चेष्टाच चालली आहे. पुढं पुढं ते हलायचंही बंद झालं, नुसती दारात घरघर व्हायची. काचेखालची खुंटी हातानं दाबून लॉक लावता येत होतं, पण हातानं लावलेलं हातानं निघतं, आणि हात अप्पांचा. खुंटीच काढून टाकावी हे माझ्या मनात होतं. मात्र लॉक ओढणारी आतली मोटर मेलेली असताना खुंटी काढली असती, तर लॉक माझ्या बटणालाही जुमानलं नसतं. म्हणजे आधी मोटर जिवंत करायला हवी होती.

गावातल्या दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. एकानं चारही दारांचा नवा सेट बसवा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं गाडी विका म्हणून. नाकापेक्षा मोती जड. मी शाळेत शिकवते, पण लहानपणी जीपखाली निजलेल्या बापाला पाने मीच देत होते. सोलापूरच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलची मोटर शोधून आणली आणि रविवारी अंगणात दार खोलून बसले. अप्पांना शेजारी बाजेवर बसवलं आणि काढलेले स्क्रू ठेवायला त्यांच्या हातात वाटी दिली. ते वाटी सांभाळत शांत बसले. मधेच एखादा स्क्रू उचलून डोळ्यांजवळ नेत आणि परत ठेवत. तेवढा वेळ मला माझा बाप सापडल्यासारखा वाटला, आणि त्या वाटण्याचा मला रागही आला.

हँडलमागचा स्क्रू काढला, आतलं कव्हर ओढलं. दोन क्लिपा तुटल्या. त्यामागचा प्लास्टिकचा कागद सोलला तर आतून तळ्याचा वास आला. दाराच्या पोटात वीतभर नाही तरी चांगलंच पाणी साठलेलं होतं, आणि मोटर गंजून त्याच्यावर लटकत होती. काचेवरून दारात उतरलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून दाराच्या बुडाला भोकं असतात. ती भोकं बंद होती. कुणीतरी सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून, पंक्चरचं सोल्युशन लावून, एकेक भोक निगुतीनं बुजवलं होतं. कडा इतक्या सुबक की कुणाचा हात आहे ते विचारायला नको. आमच्याकडच्या काळ्या मातीचा फुफाटा गाडीत येऊ नये म्हणून जीपवाले असं करत. जीपला ते चालून जायचं, तिच्या दारात होतं काय? पण या गाडीच्या दारात तारा होत्या, मोटर होती, आणि दर दसऱ्याला अप्पा नळी लावून तिला मनसोक्त न्हाऊ घालायचे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी तो रबराचा तुकडा सोलून त्यांच्यापुढं धरला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे कुणी केलं. त्यांनी तो निरखला, अंगठ्यानं कड चाचपली आणि कौतुकानं मान हलवली. ज्यानं केलं तो चांगला कारागीर असावा, असं काहीतरी म्हणाले. मग मला रागावताही येईना.

भोकं मोकळी केली, पाणी वाहून गेलं. नवी मोटर जुन्या सळईला जोडली, दोन तारा पुसून टेप मारली. बटण दाबलं, खट्. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. मग खुंटी पिळून काढली आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकली. आता ते दार फक्त माझ्या बटणावर उघडणार होतं. मला इतका आनंद झाला की मी अप्पांना चहाबरोबर दोन लाडू दिले, जे डॉक्टरांनी बंद केले आहेत.

पुढच्या खेपेला मुरुम मोड ओलांडला आणि फाट्यावर एक म्हातारा छत्री घेऊन उभा दिसला. अप्पांनी हँडल ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग त्यांचं बोट खुंटीच्या जागी गेलं, तिथं नुसतं भोक होतं. त्यांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मी समोर रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. नळदुर्ग मागं पडल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं,

"साहेब, माझ्या गाडीखाली कोण आलं का?"

मी म्हणाले, "न्हाय अप्पा. कुणी न्हाय आलं. आपण दवाखान्यात चाललोय."

"मेलं का ते?"

एवढी वर्षं काळीपिवळी चालवून त्यांच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पोलिसासमोर माणूस ऐकतो तसं.

"मंग आतनं दार का उघडंना?"

मी गाडी कडेला घेतली. बटण दाबलं, लॉक निघालं. पलीकडं वाकून दार सताड उघडून दिलं आणि म्हणाले, उतरा अप्पा, जरा पाय मोकळे करा. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. ते उतरले नाहीत. हात मांडीवरून हलवलेही नाहीत.

"आदी त्येच्या घरला कळवा," म्हणाले. "वाट बघत आसतील."

लॉक आता बिनबोभाट चालतं. अप्पा दाराला हात लावत नाहीत, बेल्ट सोडत नाहीत, डॉक्टर म्हणतात पेशंट बराच शांत झालाय. फाट्यावर कुणी उभं दिसलं की तेवढे ते मान खाली घालतात, त्या गाडीखाली आलेल्याच्या घरचं कुणी असेल म्हणून.