पाखडलेला वाटाणा

धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या खात्यात मी शिपाई होतो. शिक्षण दुसरी नापास. तरी खात्यातल्या बाटल्यांवरची इंग्रजी नावं मी आकारावरून ओळखायचो आणि नव्या पोरांवर रुबाब करायचो. एकदा फॉर्मॅलिनची बाटली म्हणून स्पिरिटची दिली, तेव्हापासून रुबाब जरा कमी केला.

ही गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची. पिंपळनेरकडची एक मुलगी एम.एस्सी.ला होती. मला नाना म्हणायची. तिनं कॉलेजच्या बागेत वाटाणा लावला होता. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर करून पुढची पिढी. शेंगा वाळल्या की दाणे मोजायचे, गोल किती, सुरकुतलेले किती. वाटाणा हिवाळ्यात एकदाच येतो. चुकलं तर वर्ष गेलं, आणि तिच्या घरून एकच वर्ष मिळालं होतं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

शेंगा वाळल्या आणि नेमका तिच्या बहिणीचा साखरपुडा निघाला. "नाना, शेंगा तोडून दाणे काढून ठेवाल? मी तीन दिवसांत आले."

मी म्हटलं, "ताई, डोळे मिटून जा."

शेंगा घरी नेल्या, सोलल्या. आमच्याकडे दुसऱ्याला दाणा द्यायचा तो पाखडून, निवडूनच द्यायचा. कचऱ्यासकट दिला तर लोक घराला नावं ठेवतात. बायकोनं सुपडं घेतलं, मी निवडायला बसलो. पिचके दाणे बाजूला काढले.

बायको म्हणाली, "हाई बठ्ठं पिचकेल शे. कोंबड्यासले टाकी देऊ?"

मी म्हटलं, "टाकी दे." सगळे पिचके दाणे कोंबड्यांपुढे गेले.

तीन दिवसांनी मोत्यासारखे दाणे मी तिच्या टेबलावर ठेवले आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. ती मोजत बसली. संध्याकाळी कागद घेऊन सरांकडे गेली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. मी दाराशीच होतो.

सरांनी कागद पाहिला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "हे तू मोजलंयस? घरी साखरपुड्यात बसून लिहिलेलं दिसतंय." तिनं कागद परत घेतला. मग सरच हळू आवाजात म्हणाले, "उद्यापर्यंत तीन गोलांस एक सुरकुतलेला असं करून आण. कोण बघतंय?"

माझं डोकं फिरलं. आधी म्हणायचं खोटं लिहिलंस, आणि लगेच म्हणायचं खोटं लिहून आण. माणसाला तोंड एकच असतं ना? मी तिच्या मागं मागं प्रयोगशाळेत गेलो. म्हटलं, "ताई, सर चूक आहेत. तुमचे दाणे मी स्वतः निवडलेत."

तिनं मान वर केली. "निवडले म्हणजे?"

"पिचके काढले. एक ठेवला नाही."

ती खडू घेऊन टेबलावर लिहायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "नाना, चारशे दाणे असले तर तीनशे गोल आणि शंभर सुरकुतलेले यायला हवेत. आले किती ते बघायचं. आले त्यातून यायला हवेत ते वजा करायचे, त्याचा वर्ग करायचा, यायला हवेत त्यानं भागायचं. दोन्हींची बेरीज करायची. बेरीज तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या आत असली तर फरक नशिबाचा म्हणायचा. त्याच्या वर गेली तर काहीतरी वेगळं घडलंय. याला काय-वर्ग कसोटी म्हणतात."

"आपली किती आली?"

"विचारू नका. ते वेगळं म्हणजे तुम्ही."

कोंबड्या पाच होत्या. दोन तर त्या आठवड्यात पाहुण्यांना घातल्या होत्या. तिचं वर्ष कोंबड्यांनी खाल्लं आणि कोंबड्या आम्ही खाल्ल्या.

मी तसाच सरांकडे गेलो, सगळं कबूल केलं. सर म्हणाले, "तू चहा आण. हे असलं कागदावर येत नसतं. तिला म्हण, आकडे दुरुस्त कर."

जे यायला हवं तेच लिहायचं, तर झाडं लावली कशाला? विहिरीतून पाणी मी ओढलं होतं, हिवाळाभर. तोंडावर मात्र मी एवढंच म्हटलं, "साखर किती, सर?"

तिनं आकडे दुरुस्त केले नाहीत. भिंतीकडची एक ओळ तिनं उशिरा पेरली होती, तिच्या शेंगा अजून हिरव्या होत्या. आम्ही थांबलो. वाळल्यावर तिनं स्वतः सोलल्या. मला दाण्याला हात लावू दिला नाही, नुसतं ताट धरायला लावलं. सर म्हणाले, "एवढ्याशा दाण्यांवर कसोटी चालत नाही." ती म्हणाली, "सर, यायला हवेत ते प्रत्येक खान्यात पाचाच्या वर आहेत. चालते." बेरीज दोनाच्याही आत आली.

तिनं प्रबंधात दोन्ही तक्ते घातले. पहिल्याखाली लिहिलं की सहायकानं सुरकुतलेले दाणे काढून टाकल्यानं यावर कसोटी लावता येत नाही. सरांनी तो तक्ता काढायला दोनदा सांगितलं, सहीसुद्धा अडवून धरली. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी केली.

बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मला आत बोलावलं. "दाणे तुम्ही काढलेत?"

"हो साहेब. घाण म्हणून."

"सगळे?"

"निवडायला बसलो की मी काही सोडत नाही, साहेब."

ते हसले, तिच्याकडे वळून म्हणाले, "पहिला तक्ता ठेवलात हे चांगलं केलंत." ती पास झाली.

पुढच्या जूनमध्ये सर नव्या वर्गाला सांगत होते, "चुकलेला तक्तासुद्धा लपवायचा नाही. गेल्या वर्षी एका मुलीला मी तो मुद्दाम ठेवायला लावला. विचारा याला." सगळी पोरं माझ्याकडे वळली. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी मान डोलावली.