लाल गाड्यांची गोधडी

माझा थोरला भाऊ एसटीत ड्रायव्हर होता. त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते तेव्हा वहिनी ओतूरहून आमच्या अवसरीला आली आणि पिशवीतून काढून एक कापड तिनं माझ्या मांडीवर टाकलं. पांढऱ्यावर लाल बसगाड्या, तळहाताएवढ्या, ओळीनं छापलेल्या.

"नारायणगावात दिसलं. पोरांच्या खोलीच्या पडद्यांचं हाय म्हणं," ती म्हणाली. "वन्सं, ह्याची गोधडी शिवा. पण त्यांना कळू द्यायचं न्हाई बरं का."

गोधड्या मी लहानपणापासून शिवते, पण जुन्या लुगड्यांच्या. त्यांच्यावर फुलं नाहीतर ठिपके असतात. कापड कसंही फिरवा, फूल ते फूलच राहतं. चित्रांचं कापड पहिल्यांदाच हातात आलं होतं. नेहमीसारखे लहान चौकोन कापायला घेतले तर चाक एकीकडे आणि खिडक्या दुसरीकडे जाणार. अख्खं कापड तसंच वर घालावं तर ती गोधडी कसली, चादरच. दोन दिवस कात्री हातात घेऊन नुसती बसले. शेवटी आईची जुनी तऱ्हा धरली, चौकटीत चौकट. एक पट्टी गाड्यांची, एक माझ्या निळ्या साडीची, असं चारी बाजूंनी फिरत मधोमध यायचं. कोपरे तेवढे तिरके कापायचे. कोपऱ्यांतल्या गाड्या सोडल्या तर एकीलाही कात्री लागली नाही. मशीनवर पट्ट्या जोडताना मी स्वतःवर खूश होते.

वरचा थर पुरा झाला तेव्हा ओसरीवर पसरून माझ्याकडच्या कडेचे दोरे कापत होते. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली आणि पायरीवरच थांबली.

"अगं, ह्या गाड्या पालथ्या का पडल्यात?"

मी उठून तिच्या बाजूला गेले. जोडताना मी प्रत्येक पट्टी स्वतःकडे फिरवून घेतली होती, म्हणून समोरची ओळ मला नेहमी सरळच दिसायची. इथून बघितलं तर एक बाजू सरळ, दोन बाजूंच्या गाड्या नाकावर उभ्या, आणि चौथ्या बाजूला सगळ्यांची चाकं वर.

दुसऱ्या कुणासाठी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण भावानं एकदा घाटात पलटी झालेल्या गाडीतून माणसं बाहेर काढली होती. गाडी त्याची नव्हती. तो मागून येत होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो जेवता जेवता थांबायचा. वहिनी तर घरात 'पलटी' हा शब्दच काढत नसे. अशा माणसाच्या अंगावर मी उलटलेल्या गाड्या पांघरणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नारायणगाव गाठलं. दुकानदारानं मान हलवली.

"काकू, ते कापड गेलं की. लई खपलं. हे बघा, विमानं हायेत. डायनासोर हायेत."

"माझा भाऊ डायनासोर चालवत न्हाई," मी म्हणाले.

तो हसला, पण बिचाऱ्यानं माझ्यासाठी सगळे तागे उपसले. लाल गाडी कुठंच नव्हती. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून परत येताना मला रडूच यायचं बाकी होतं.

घरी शेजारीण ओसरीवर ब्लेड घेऊन बसलेली. तिनं माझी वाट न बघता उसवायला सुरुवात केली होती. "आता तोंड पाडून काय व्हणार? धर हिकडं," म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या सुट्या झाल्या. आता त्या एकाखाली एक आडव्या मांडायच्या, सगळ्या गाड्या चाकांवर, मध्ये निळी पट्टी. हे एवढं साधं आधी का सुचलं नाही, देव जाणे. पण कोपऱ्यात तिरक्या कापलेल्या गाड्या राहिल्याच. कुणाचं नुसतं तोंड, कुणाची नुसती मागची काच. त्या टाकून दिल्या तर कापड पुरत नव्हतं.

शेजारणीनं त्यातली एक उचलली. "ही अर्धी कुठं चालली गं?"

"जाईल कुठं! डोंगराआड गेली समज," मी वैतागून म्हणाले, आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

गोधड्यांसाठी म्हणून वहिनीनं कधीतरी दिलेली जुनी हिरवी साडी माझ्या पेटीत होती. तिचे त्रिकोण कापले आणि प्रत्येक तुटक्या गाडीला एकेक डोंगर लावला. एक गाडी डोंगरामागून निघतेय, एक वळणाआड चाललीय. ते बघून मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. मग आठ-नऊ दिवस आम्ही दोघींनी समोरासमोर बसून धावदोरा घातला. टाका घालण्याआधी मी प्रत्येक गाडीची चाकं बघून घ्यायचे.

निवृत्तीच्या दिवशी मी गोधडी घेऊन ओतूरला गेले. दुपारी भाऊ घरी आला तो गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन. डोळे लाल होते. पाहुणे पांगल्यावर वहिनीनं गोधडी पलंगावर पसरली. त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवरून बोट फिरवायला लागला. माझी नजर त्या बोटावर. एखादी उलटी गाडी नजरेतून सुटली असली तर? बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, एका डोंगरापाशी थांबलं.

"ही घाट उतरली," तो म्हणाला. "नीट उतरली."

तो पलंगावर बसला.

"बाय, तुला खरं सांगू? सकाळी गाडीची किल्ली दिली तवा डोळ्यांला पाणी आलं. लोकांना वाटलं, वाईट वाटतंय. तसं नव्हतं. इतकी वर्सं मागं बसलेली माणसं उतरेपत्तूर माझा जीव मुठीत असायचा. आज किल्ली दिली आन् मूठ उघडली."

वहिनी त्याच्या शेजारी बसून गोधडीवरून हात फिरवत राहिली.

मी मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीनं परतले. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर वहिनीचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"वन्सं, हे अजून उठलं न्हाईत."

"बरं हाय ना त्याला?" मी विचारलं.

"घोरत्यात की," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून ह्या येळंला ह्यांना झोपलेलं मी पहिल्यांदा बघतेय. उठवू का?"

"राहू दे," मी म्हणाले.