प्रत्येक मुलीची नाडी

शारदाबाई ‘समजणे’ हे क्रियापद वापरत नसत.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात सुब्बाराव सरांनी आम्हाला बजावलं होतं, की पाठाचं उद्दिष्ट डोळ्यांना दिसलं पाहिजे. ‘मुलीला रक्ताभिसरण समजते’ असं लिहायचं नाही. समजलेलं कुणी पाहिलं आहे? ‘मुलगी हृदयाची आकृती काढते, भागांना नावे देते’ असं लिहायचं. बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं उतरवून घेतलं. शारदाबाईंनी ते अंगाला लावून घेतलं.

त्यांनी चाळिशी ओलांडली होती. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरातच मुरलेलं. यशवंतपूरच्या बाजारामागे मुलींची एक कन्नड शाळा होती, तिथं त्या विज्ञान शिकवत. पदवी होती, प्रशिक्षण नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरत्या. १९९४ साली शाळेनं सांगून टाकलं : यंदा प्रशिक्षण पुरं करा, नाहीतर जूनपासून दुसरी बाई येईल. सगळं आता अंतिम पाठावर येऊन थांबलं होतं.

पाठाच्या आदल्या रविवारी मी राजाजीनगरला त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत त्यांचे यजमान नागोजी शिवणयंत्रावर बसले होते.

“या मास्तर. स्वल्प जपून बोला हं,” ते म्हणाले. “काल हिला म्हटलं, तुझे कष्ट मला समजतात गं. तर म्हणते, समजतात म्हणू नका, भांडी घासून दाखवा.”

“मग? घासलीत?”

“घासली की!”

“अर्धी,” आतून शारदाबाईंचा आवाज आला. “तळाची कढई तशीच आहे. मूल्यमापन मी केलंय.”

त्यांनी पाठाचं टाचण दाखवलं. विषय हृदय. चार उद्दिष्टं. पहिलंच होतं : ‘प्रत्येक विद्यार्थिनी स्वतःची नाडी शोधते व मोजते.’ सुब्बाराव सरांनी ‘प्रत्येक’खाली रेघ ओढली होती.

“सर म्हणाले, नुसतं ‘विद्यार्थिनी’ लिहा, ‘प्रत्येक’ लिहिलंत तर अडकाल. मी म्हटलं, सर, मग कुणाला सोडायचं तेही लिहू का?”

“सर काय म्हणाले?”

“म्हणाले, सरी, बरं तर, तुमची मर्जी.”

पाठाच्या दिवशी त्यांच्याच शाळेच्या वर्गात सुब्बाराव मागच्या बाकावर परीक्षक म्हणून बसले, त्यांच्या शेजारी मी, सहाध्यायी म्हणून निरीक्षणाला. खिडकीबाहेर लॉरीतून कांद्याची पोती उतरत होती. शारदाबाईंनी मनगटावर दोन बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं आणि गप्प झाल्या.

मग जे झालं ते पुढं मी कुठल्याच वर्गात पाहिलं नाही. एकेक मुलगी बोलायची थांबली. एवढा भरलेला वर्ग आपल्याच मनगटाशी वाकला. जन्मल्यापासून अंगात चाललेलं काहीतरी त्यांच्या बोटांखाली पहिल्यांदाच उडत होतं. एकीनं घाबरून हात काढला आणि लगेच परत ठेवला. हमालांची ओरड चालूच होती, पण ती फार लांबून येत असल्यासारखी वाटली.

“मिस, मला नाही,” तिसऱ्या बाकावरून आवाज आला. भव्या. लांब वेणीची, हडकुळी.

“भव्या, तू मेलीस गं!” मागची मुलगी म्हणाली. वर्ग हसला. भव्या हसली नाही.

शारदाबाईंनी तिची बोटं सरकवून पाहिली. हळू दाब. अजून हळू. नाही. मग स्वतः तिचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा निवळला. “आहे. छान चाललीय.”

“मग तुम्हीच मोजा ना मिस.”

मागून सुब्बाराव हलक्या आवाजात म्हणाले, “झालं, बाई. पुढं चला. वेळ जातोय.”

“सर, मला सापडली. तिला कुठं सापडलीय?”

पुढची तीन उद्दिष्टं फळ्यापाशी वाट पाहत होती. आकृतीचा तक्ता गुंडाळलेलाच होता. मी जीव मुठीत धरून बसलो. त्यांची नोकरी त्या तक्त्यावर अवलंबून होती आणि शारदाबाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

“ऊठ,” त्या भव्याला म्हणाल्या. “उड्या मार.”

“इथं?”

“इथंच. थांब म्हणेपर्यंत.”

वेणी उडत होती, बाक खडखडत होता, मुली ताल धरत होत्या. धाप लागल्यावर शारदाबाईंनी तिला थांबवलं आणि तिचीच दोन बोटं तिच्या गळ्याला, हनुवटीच्या खाली बाजूला लावली. स्वतःचा हात काढून घेतला.

भव्याचं तोंड उघडं राहिलं. तिनं बोटं काढलीच नाहीत. बऱ्याच वेळानं विचारलं, “मिस, हे झोपल्यावर पण चालतं?”

“झोपल्यावर पण.”

“मी विसरले तरी?”

शारदाबाईंनी होकारार्थी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, मला दिसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “आता मोज.” आणि भव्या मोजेपर्यंत तास संपला.

व्हरांड्यात सुब्बारावांनी पेन उघडलं. “चारातलं एक झालं. मला तसंच लिहावं लागेल.”

“लिहा सर. तीन झालीच नाहीत.”

“पाठ पुन्हा द्यावा लागेल, पुढच्या वर्षी. शाळा थांबेल?”

“नाही थांबणार.”

“तरी मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत,” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

त्यांनी लिहिलं. जूनमध्ये शाळेत दुसरी बाई आली. शारदाबाई वर्षानं उत्तीर्ण झाल्या आणि येलहंक्याला लागल्या. मधलं वर्ष त्यांनी नागोजींच्या यंत्राशेजारी बसून काजं केली.

पण त्या क्षणी सही वाळायच्या आतच आमची तिघांची नजर व्हरांड्याच्या टोकाला गेली. पुढच्या तासाची घंटा द्यायला शिपाई शिवाप्पा हातोडी घेऊन निघाला होता आणि भव्यानं त्याला अडवलं होतं. तिनं त्या म्हाताऱ्याची मान खाली वाकवून गळ्याला बोटं लावली होती. तिच्यामागं मुलींची रांग लागत होती.

“ताता, हलू नका,” ती म्हणाली. “तुमच्यात पण आहे.”

शिवाप्पा हलला नाही. हातोडी हातात तशीच राहिली, घंटेची वेळ टळली, आणि आमच्यापैकी कुणीच त्याला हाक मारली नाही.