चढावरची शिवी

उरवड्याचा हैबतराव पलटणीत शिपाई म्हणून गेला आणि लढाई संपल्यावर शिपाई म्हणूनच परत आला. बढतीची हौस त्यानं गावात भागवली. दोन खोंडं विकत घेतली, एकाचं नाव हवालदार ठेवलं, दुसऱ्याचं सुभेदार, आणि दोघा वरिष्ठांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मनसोक्त झापू लागला.

बायकोला, तुळजाबाईला, हे थेर मुळीच पसंत नव्हते. भाकरी म्हणजे राशन, शेतावर जाणं म्हणजे ड्यूटी, ती माहेरी निघाली की छुट्टी, आणि परतायला एखादा दिवस उशीर झाला की कोर्ट मार्शल! पाहुणे बसलेले असताना ओटीवरून आरोळी यायची, "पानी लाओ, डबल मार्च!" सासरे कोंडाजी तिथंच सुपारी कातरत असायचे. त्यांच्यासमोर तुळजाबाईनं लग्न झाल्यापासून मोठ्यानं शब्द काढला नव्हता, त्यामुळं नवऱ्याला काय म्हणायचं ते ती चुलीला म्हणायची.

संध्याकाळी शेजारच्या मोहिद्दीनच्या दुकानापुढं हैबतरावाचा दरबार भरे. ब्रह्मदेशात तो डोंगरावरच्या पलटणीला शिधा पोचवणाऱ्या खेचरांच्या टोळीत होता. सगळ्यांची आवडती गोष्ट 'मेमसाब' नावाच्या खेचराची होती. मेमसाब सपाटीवर साध्या हुकमानं चाले, पण चढ लागला की शिवी खाल्ल्याशिवाय पाऊल उचलत नसे. एक नवा साहेब आला, देवभक्त. त्यानं शिव्यांना बंदी केली. झालं! मेमसाब डोंगराच्या मध्यात उभी, तिच्यामागं सगळी टोळी उभी, आणि वर पलटण उपाशी. तिसऱ्या दिवशी साहेबाचंच पोट पाठीला लागलं आणि हुकूम निघाला की चढावर, ड्यूटीपुरती, शिवी माफ.

"म्हंजे आमची शिवी सरकारी हाय!" हैबतराव मांडीवर थाप मारून सांगायचा, आणि मोहिद्दीनच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं. तुळजाबाई तेवढ्यात घरात काहीतरी आपटायची. आपलं कुणी ऐकत नाही असं तिला वाटे, आणि त्याचं आपण ऐकत नाही असंही.

आता गंमत अशी की हैबतरावानं आपली खोंडंही त्याच वळणावर घालून मोठी केली होती. इतरांचे बैल जिभेच्या टिचकीवर चालत. त्याच्या जोडीला सपाटीवर "टोली, आगे बढ" लागे, थांबायला "थम" लागे आणि चढावर ती सरकारी शिवी. तिची सुरुवात 'उल्लू के पठ्ठे'नं होई. पुढचं छापण्याजोगं नाही. कोंडाजींनी पोराला अनेकदा बजावलं होतं, "आरं, बैलाला चार मानसं बोलत्यात तसं बोलाव. उद्या तू नसलास तर ह्यास्नी हाकायचं कुनी?" हैबतराव हसण्यावारी न्यायचा.

अठ्ठावन्न साल, चैत्र महिना. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजून हैबतराव दुपारी घरी आला, ओसरीवर टेकला आणि पाणी मागायला गेला तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उजवा हात लुळा पडला. घशातून नुसता घोगरा आवाज. तुळजाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"लकवा मारला," कोंडाजी म्हणाले. त्यांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता.

पुण्याला न्यायचं तर पिरंगुटला दुपारची एसटी गाठायला हवी होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवसाशिवाय गाडी नाही, आणि दुसरा दिवस हैबतराव बघेल असं त्याच्या चेहऱ्याकडं पाहून कुणालाच वाटेना. मोहिद्दीननं वहाणा काढून हातात घेतल्या. "वहिनी, तुमी गाडी जुंपून आना. मी फुडं पळतो आन् एसटी धरून ठेवतो," म्हणाला आणि सुटलाच.

गाडीत पेंढा टाकला, घोंगडी अंथरली, हैबतरावाला निजवलं. कोंडाजींनी कासरा हाती घेतला. जन्मभर बैल हाकलेला माणूस! त्यांनी जिभेची टिचकी वाजवली, कासरा झटकला, शेपट्या पिरगाळल्या. हवालदार-सुभेदार ढिम्म. चाबूक ओढला तेव्हा सुभेदारानं मागं वळून पाहिलं, बस.

गाडीतून घोगरा आवाज आला. हैबतराव हुकूम द्यायला बघत होता. तुळजाबाईला ते बघवेना. तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला, पुढं झाली, सासऱ्यांच्या हातातून कासरा घेतला आणि म्हणाली, "टोली, आगे बढ."

बैल निघाले.

गावातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, पण तिला त्यांचं भान नव्हतं. कोंडाजी मागं पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पिरंगुटच्या अलीकडं वाटेत ओढा लागतो. चैत्रात पाणी नसतं, पण पलीकडचा चढ छातीवर येणारा, दगडगोट्यांचा. गाडी ओढ्यात उतरली, चढाला लागली आणि मध्यावर थांबली.

"आगे बढ!" तुळजाबाई म्हणाली. मग ओरडून म्हणाली. बैलांनी कान टवकारले. ते वाट बघत होते. कशाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गाडी मागं सरकली. कोंडाजींनी म्हातारपण विसरून खाली उडी टाकली आणि चाकाखाली धोंडा लावला. धोंडा करकरला, थोडा घसरला आणि कसाबसा धरून राहिला. वर माळावर कुठंतरी मोटारीचा भोंगा वाजला. गाडीत हैबतरावाचा श्वास घरघरू लागला होता.

तुळजाबाईचे ओठ हलत होते, पण शब्द निघत नव्हता. सासरे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ज्यांच्यासमोर ती खोकतानाही तोंडाला पदर लावायची, त्यांच्यासमोर ती बापजाद्यांची लाज काढणारी शिवी! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कोंडाजींनी तिच्याकडं पाहिलं. चाकाला खांदा लावून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी आज बहिरा हाय. घाल शिवी."

आणि तुळजाबाईनं घातली. सबंध, शेवटच्या शब्दापर्यंत, एकही अक्षर न गाळता, अशा आवाजात की ओढ्याकाठच्या झाडावरचे कावळे उडाले. हवालदार-सुभेदारांनी माना खाली घातल्या आणि जू ओढलं. गाडी हिसका देऊन वर चढली. चढ संपेपर्यंत ती ओरडत राहिली, रडत राहिली आणि कोंडाजी चाक ढकलत राहिले.

पिरंगुटला एसटी उभी होती. तिच्यापुढं रस्त्यात मोहिद्दीन मांडी घालून बसला होता, ड्रायव्हर त्याला वाटेल ते बोलत होता आणि उतारू मध्ये पडत होते. हैबतरावाची गाडी दिसताच ड्रायव्हर गप्प झाला. त्यानंच खाली उतरून आजाऱ्याला उचलायला हात दिला.

पुण्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. हैबतराव काठी टेकत घरी आला. वाचा मात्र परतली नव्हती. "जीभ मेलेली नाही, रुसलीय. तिला चाळवत राहा," एवढं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी लोक भेटायला येत, ओटीवर बसत, सुपारीचं खांड तोंडात टाकत आणि उठून जात. हैबतराव भिंतीकडं तोंड करून बसायचा. हा माणूस गप्प बसलेला तुळजाबाईनं कधी बघितलाच नव्हता.

एक दिवस ती उंबऱ्याशी येऊन बसली. पदर डोक्यावर, समोर सासरे, मोहिद्दीन, चार गावकरी. तिनं गोष्ट सुरू केली, हैबतराव दुकानापुढं सांगायचा ती बुटांची. भरतीच्या दिवशी ह्यांना दोन्ही बूट एकाच पायाचे कसे मिळाले आणि अख्खी परेड हे एकाच अंगाला कसे वळत गेले. कवायत शिकवणाऱ्या उस्तादाचे हुकूमसुद्धा तिनं जसेच्या तसे म्हटले. मोहिद्दीन तोंडात बोट घालून ऐकत राहिला.

"दोनी बी बूट उजव्या पायाचं," ती म्हणाली.

हैबतरावानं मान झटकन वळवली. काठी जमिनीवर आपटली.

"उजव्या पायाचंच," तुळजाबाई हट्टानं म्हणाली. "मला पक्कं ठावं हाय."

त्याचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. वाकडं तोंड दोनदा नुसतंच हललं. कोंडाजींच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"डा..." हैबतराव म्हणाला. "डावं."

तुळजाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मग फुडचं तुमीच सांगा की. मी काय पलटनीत हुते?"